वेचे, वाद आणि गलबला

चार ठिकाणचे बोलणे वेचून ते एकत्र मांडणारा मनुष्य लोकांच्या संवादास मदत करितो की गलबल्यात भर घालितो, हा प्रश्न सध्या घरोघर उभा राहिला आहे. सकाळच्या चहाबरोबर हातातल्या भ्रमणध्वनीवर देशोदेशीच्या बातम्या, व्याख्यानांचे तुकडे, कोणाची विधाने आणि त्यांवर कोणाचे शेरे, असे सारे एकापाठोपाठ एक येत असते. ते मूळ कोठे लिहिले गेले, कोणास उद्देशून लिहिले गेले आणि त्यास कोणी उत्तर दिले की नाही, हे विचारण्यापूर्वीच पुढचा तुकडा समोर उभा राहतो. असे वेचे जमविणाऱ्या यंत्रांमुळे व मंडळांमुळे सामान्य माणसाला सर्व बाजू ऐकावयास मिळू लागल्या, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो की, बाजू कोणतीच धड ऐकू येत नाही, नुसता कोलाहल वाढला आहे. दोन्ही पक्ष हा प्रश्न कालपरवाचा समजतात. आम्हांस तो फार जुना वाटतो. महाराष्ट्राने त्याची बरीवाईट फळे पूर्वीही चाखलेली आहेत, आणि त्यांची आठवण केल्यास आजच्या वादात काही उपयोग होईल अशा समजुतीने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम संवाद कशास म्हणावे ते ठरविले पाहिजे. आपल्या नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे खंडन करीत सुटणे ही वितंडा. वादाची पहिली अट अशी की, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्याच तोंडून येईल तितक्या प्रामाणिकपणे मांडावे आणि मग त्यास उत्तर द्यावे. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ही शास्त्रग्रंथांतील रीत ह्याच अटीतून आली. तेव्हा कोणत्याही संग्रहाची परीक्षा करताना आम्ही एवढेच विचारू की, त्यात पूर्वपक्ष शिल्लक राहिला आहे काय? बोलणारा कोण, तो कोणास उत्तर देत होता, आणि मूळ शब्द पाहावयाचे झाल्यास कोठे जावे, हे वाचकास कळते काय?

ह्या कसोटीवर पहिला संग्रह घेऊ तो देवगिरीच्या यादवांच्या काळचा. राजा महादेव व पुढे रामचंद्र ह्यांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड निबंध रचिला. धर्मशास्त्रात निबंध ह्या शब्दाचा अर्थच मुळी अनेक स्मृति-पुराणांतील वचनांची विषयवार मांडणी असा आहे. हेमाद्रीच्या व्रतखंडात व्रतांची इतकी गर्दी आहे की, ती सारी पाळू म्हणणाऱ्यास वर्षाचे दिवस पुरावयाचे नाहीत. आणि यादवांच्या अधःपाताचा संबंध काही इतिहासलेखकांनी ह्या व्रतबाहुल्याशी जोडला आहे. राज्ये एका ग्रंथाने बुडतात असे आम्हांस वाटत नाही. तथापि जमेल तितके जमवीत गेले असता वाचकाला निवड करणे कठीण होते, हा त्या आक्षेपातला अंश खोटा नाही. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हेमाद्रि वचन देतो ते बहुधा मूळ ग्रंथाचे नाव सांगून देतो. त्यामुळे जे ग्रंथ आज समग्र मिळत नाहीत त्यांची वचने त्याच्या संग्रहात सापडतात, आणि पुढच्या पंडितांस त्यांवर वाद करणे शक्य झाले. गर्दी झाली खरी, पण वाट बुजली नाही.

वाट कशी बुजते ते पाहण्यास आणखी दोन ग्रंथ शेजारी ठेवावे. मूळ पैठणच्या व पुढे काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टाने १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला. त्यात तिथिनिर्णय, संस्कार, श्राद्ध इत्यादि प्रकरणी निरनिराळ्या आचार्यांची मते येतात, त्यांतील विरोध दाखविला जातो आणि मग निर्णय दिला जातो. सामान्य वाचकाची त्यात दमछाक होते. पुढे १७९० मध्ये पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ रचिला, तो ह्याच अडचणीवर उपाय म्हणून. मूळ वचने बहुधा गाळून त्यांनी निष्कर्ष तेवढे सुबोध भाषेत दिले. आपण काय गाळले आहे हे त्यांनी लपविले नाही, हा त्यांचा प्रांजळपणा. ग्रंथ अतिशय लोकप्रिय झाला आणि पंचांगकर्ते आजही त्याचा आधार घेतात. परंतु त्या लोकप्रियतेची किंमत अशी की, एखादा सण आज करावा की उद्या, असा तंटा निघाला म्हणजे केवळ सार वाचणाऱ्या गृहस्थाला निकाल ठाऊक असतो, कारण ठाऊक नसते. अशी दोन माणसे समोरासमोर आली की, दोघेही आपापला निकाल मोठ्याने सांगतात, आणि त्यालाच आपण चर्चा म्हणतो.

छापखाना आल्यावर संग्रहाचे काम शास्त्रीपंडितांच्या हातून वर्तमानपत्रकर्त्यांच्या हाती गेले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, त्याच्या पानावर एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी असे दोन रकाने असत. १८४१ मध्ये भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’, १८४२ मध्ये मिशनऱ्यांचे ‘ज्ञानोदय’, १८४९ मध्ये पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’, अशी पत्रे एकामागून एक निघाली. ह्या पत्रांजवळ गावोगाव बातमीदार ठेवण्याइतका पैसा नव्हता. एका पत्राने दुसऱ्यास आपला अंक धाडावा, मोबदल्यात त्याचा घ्यावा आणि त्यातील मजकूर पत्राचे नाव सांगून उतरून घ्यावा, अशी त्या काळच्या पत्रसृष्टीची सर्वत्र रीत होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्या काळचा प्रत्येक संपादक हा एक वेचे जमविणारा होता. पण त्या रिवाजात दोन गुण होते. अमुक पत्रावरून घेतले, ही पाटी उताऱ्यावर असे, त्यामुळे रागावलेल्या वाचकास कोणाकडे पत्र धाडावयाचे ते कळे. आणि उतारा निवडणारा संपादक गावात राहणारा, नावानिशी ठाऊक असलेला मनुष्य असे. निवड वाईट झाली तर त्याला रस्त्यात गाठता येई.

संग्रहामुळे संवाद पिढ्यान्‌पिढ्या लांबतो, ह्याचेही उदाहरण ह्याच काळात आहे. गोपाळ हरि देशमुखांनी ‘लोकहितवादी’ ह्या नावाने १८४८ ते १८५० ह्या काळात ‘प्रभाकर’ पत्रात एकशे आठ पत्रे लिहिली. साप्ताहिकाचा अंक आठवड्याने रद्दी होतो. ती पत्रे तेथेच राहिली असती तर फार थोड्यांच्या हाती लागली असती. ती पुढे ग्रंथरूपाने एकत्र झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तीत लोकहितवादींस खरमरीत उत्तर दिले, तेव्हा मूळ पत्रांस जवळजवळ पंचवीस वर्षे होऊन गेली होती. ते उत्तर न्याय्य होते की नाही, हा निराळा प्रश्न. पण आजचा विद्यार्थी दोन्ही ग्रंथ उघडून स्वतः निवाडा करू शकतो, कारण दोन्ही पक्षांचे शब्द जसेच्या तसे टिकले आहेत.

ह्याच्या उलट प्रकार सरकारी दप्तरात घडत होता. मुंबई सरकारने १८६८ पासून देशी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्यास तयार करविण्यास आरंभ केला. ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ ह्या नावाचे हे गुप्त पत्रक सरकारी भाषांतरकाराच्या कचेरीत तयार होई आणि वरिष्ठ अंमलदारांकडे जाई. कल्पना वाईट नव्हती. ज्या अधिकाऱ्याला मराठी किंवा गुजराती येत नाही त्याला लोक काय म्हणतात ते त्याच्या भाषेत कळावे, असा तिचा हेतु सांगता येईल. पण ज्याचे म्हणणे पत्रकात उतरले त्याला ते पाहावयास मिळत नसे, मग चूक दुरुस्त करणे दूरच. लिहिणारा बोले एका भाषेत, ऐकणारा ऐके दुसऱ्या भाषेत, आणि मध्ये कोणते वाक्य उचलावे हे ठरविणारा तिसराच. लॉर्ड लिटनने मार्च १८७८ मध्ये देशी भाषांतील पत्रांच्या मुस्कटदाबीचा कायदा केला, तोही भाषांतरित उताऱ्यांच्या आधारावर. तो कायदा १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या कारकीर्दीत रद्द झाला, पण उताऱ्यावरून माणूस पारखण्याची सवय गेली नाही.

त्या सवयीचे परिणाम न्यायासनापुढे दिसून आले. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तील शिवाजी-उत्सवासंबंधीचा मजकूर व एक कविता ह्यांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी मिळाली. दुसरा खटला जुलै १९०८ मधला. ह्या वेळी टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. त्या भाषणाचा रोख आमच्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, आपले लेख हे एका चालू वादातील उत्तरे आहेत; अँग्लो-इंडियन पत्रांनी बाँबच्या प्रकरणावरून देशी पुढाऱ्यांवर जे आरोप केले त्यांस ती उत्तरे आहेत; ते आरोप बाजूस ठेवून उत्तर तेवढे वाचले तर लेखकाचा हेतु कळावयाचा नाही. म्हणून त्यांनी निरनिराळ्या वृत्तपत्रांचे अंक पुराव्यात दाखल केले आणि सरकारी भाषांतरातील शब्दाशब्दाबद्दल हरकत घेतली. ज्यूरीतील बहुतेकांस मराठी येत नव्हते. सात विरुद्ध दोन मतांनी त्यांस दोषी ठरविण्यात आले आणि २२ जुलै रोजी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सांगण्यात आली. निकाल केवळ भाषांतरामुळे लागला असे आम्ही म्हणत नाही. राजकीय कारणे उघड होती. परंतु पूर्वपक्ष वगळून उत्तरपक्षाचा तुकडा दाखविला असता वादाचे रूप किती पालटते, हे ह्या खटल्याइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, आज इतिहासाचे अभ्यासक त्याच सरकारी गोषवाऱ्यांचे ऋणी आहेत. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी काढलेल्या ‘दीनबंधु’सारख्या पत्राचे जुने अंक दुर्मिळ झाले आहेत, सत्यशोधक समाजाच्या त्या काळच्या विचारांचा माग काढताना अभ्यासकांस ह्या पत्रकांतील उताऱ्यांचा आधार घ्यावा लागतो. वाईट हेतूने केलेला संग्रहही, मूळ नाहीसे झाले म्हणजे, मोलाचा ठरतो. पण अशा संग्रहातून लेखकाचा आवाज ऐकावयाचा तर मधल्या भाषांतरकाराचा आवाज वजा करून ऐकावा लागतो, आणि ते काम सोपे नाही.

मूळ नाहीसे होऊ नये म्हणून झटणारे संग्राहक आपल्याकडे ह्याच सुमारास निर्माण झाले, ही भाग्याची गोष्ट. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक निघाले, त्यात जुन्या बखरी व काव्ये छापली जाऊ लागली. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे असे बावीस खंड काढिले. राजवाड्यांची मते कोणास पटोत वा न पटोत. ती तीव्र होती आणि पुष्कळदा एकांगीही होती. पण ती त्यांनी प्रस्तावनेत स्वतःच्या नावाने मांडिली आणि पत्रे त्यांच्याच शब्दांत छापिली. म्हणून पानिपतच्या काळची तीच पत्रे वाचून दुसऱ्या अभ्यासकांस राजवाड्यांविरुद्ध मत देता आले. संग्राहकाचे मत आणि संग्रहातील मूळ मजकूर ह्यांमध्ये अशी उघड रेघ ओढलेली असली म्हणजे संग्राहक पक्षपाती असला तरी संवादाचे नुकसान होत नाही.

सारांशाने काय हरवते हे आमच्या पुसदेच्या अनुभवावरूनही सांगता येईल. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे ह्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदेभंग केला. प्रांतांच्या इतिहासांत ह्या घटनेचा उल्लेख बहुधा एका-दोन ओळींत येतो: अमुक तारखेस जंगल सत्याग्रह झाला, पुढारी अमुक. ओळ खोटी नाही. पण मिठाच्या चळवळीत गवत कोठून आले, ह्या प्रश्नाचे उत्तर तीत नाही. वऱ्हाडास समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहिहांड्यास खाऱ्या विहिरींचे पाणी होते म्हणून तेथे एप्रिलमध्ये मीठ तयार करता आले. पण गुराढोरांवर व शेतीवर जगणाऱ्या ह्या मुलखात सरकारी नियमाची रोजची टोचणी होती ती चराईची, लाकूडफाट्याची आणि गवताची. दांडीची गोष्ट पुसदेच्या भाषेत उतरविताना मिठाचे गवत झाले, हा त्या घटनेतील खरा विचार. आणि तोच गोषवाऱ्यात गळून जातो. आणखी एक साधी गोष्ट. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला तेव्हा पुसद तालुका यवतमाळास जोडला गेला. त्यापूर्वीची पुसदेची माहिती कोणी यवतमाळच्या सदराखाली शोधू लागला तर तो रिकाम्या हाताने परतेल. मूळ कागद कोठला, एवढी खूण जरी संग्रहात राहिली तरी पुढच्याचे कष्ट वाचतात.

आता आजच्या काळाकडे वळू. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारिले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या सुमारास भ्रमणध्वनींवरून गावोगाव फिरत होते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीची होती. मुलांना जपा, असा बोध करण्यासाठी ती तयार केलेली होती, आणि उचललेले मूल परत आणून सोडल्याचे व उपदेशाचा फलक दाखविल्याचे दृश्य तिच्या शेवटी होते. ते शेवटचे दृश्य कोणी तरी कापून टाकिले आणि उरलेला तुकडा खऱ्या अपहरणाचा पुरावा म्हणून पुढे गेला. सरकारी भाषांतरकाराने पूर्वपक्ष गाळला होता. येथे निष्कर्षच गाळला गेला. फरक एवढाच की, त्या भाषांतरकाराचे नाव व हुद्दा न्यायालयास विचारता येत होता. कात्री चालविणाऱ्या ह्या हाताचे नाव कोणास विचारावे?

त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपने पुढे धाडलेल्या निरोपांवर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणींच धाडता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार पुढे गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल असे ठरले. त्यामुळे अशा निरोपांचा प्रसार सत्तर टक्क्यांनी उतरला, असे कंपनीने सांगितले. हा आकडा विचार करण्याजोगा आहे. बोटाला थोडे अधिक कष्ट पडताच जे बोलणे थांबते ते कोणास काही सांगावयाचे होते म्हणून चाललेले नव्हते, असे मानण्यास जागा आहे. पण त्या खुणेचा तोकडेपणाही पाहावा. जुन्या संपादकाची पाटी सांगे की, हे अमुक पत्रावरून घेतले. नवी खूण सांगते की, हे कोठून तरी आले. पहिल्या पाटीने उत्तराची वाट मोकळी राहत असे, दुसरीने ती मोकळी होत नाही.

आणखी एक भेद यंत्राच्या निवडीचा. हेमाद्रीपासून राजवाड्यांपर्यंत प्रत्येक संग्राहक काही एका हेतूने निवड करीत होता आणि तो हेतु तपासता येत होता. आजची यंत्रे पुष्कळदा निवड करितात ती कशावर किती शेरे पडले हे मोजून. परंतु शांतपणे मांडलेल्या वादास दोन उत्तरे येतात तेथे वितंडेस दोनशे येतात, कारण वितंडेस विचाराची तयारी लागत नाही. मोजणाऱ्या यंत्राला त्यामुळे गलबला हाच जिवंत संवाद वाटतो, आणि ते तोच वर काढून आणखी माणसांपुढे ठेवते.

वाचणाऱ्यास वेळ नाही आणि लिहिलेले अफाट आहे, तेव्हा कोणी तरी वेचून दिल्यावाचून चालावयाचे नाही, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. १९१८ मध्ये यवतमाळास ‘लोकमत’ नावाचे पत्र निघाले तेव्हाच्या वाचकासही सर्व पत्रे घेणे परवडत नव्हते. तोही दुसऱ्याने वेचलेलेच वाचीत असे. आमची तक्रार वेचण्याविरुद्ध नाही. संग्राहक संवाद सुधारू शकतो, आणि महाराष्ट्रात त्याने तो सुधारला आहे, असेच आमचे मत आहे. पण ते बोलणाऱ्याचे नाव, समोरच्याचे म्हणणे आणि मुळाकडे जाण्याची वाट, ह्या तिन्ही गोष्टी त्याने राखल्या तेव्हाच. त्या गाळून नुसते जमविणे हे गलबल्यात भर घालणे आहे, मग जमविणारा मुंबईच्या कचेरीतला भाषांतरकार असो, दूरदेशीचे यंत्र असो, की आपल्याच घरातील वडील मंडळी असोत.

हे शेवटचे मुद्दाम लिहिले. पूर्वी संग्राहक होण्यास छापखाना किंवा सरकारी हुद्दा लागे. आता प्रत्येक सुशिक्षित कुटुंबात तीन-चार संग्राहक आहेत. सरकार नियम करील, कंपन्या खुणा लावतील, ते करोत. पण काकांनी धाडलेला उतारा मावशींकडे पाठविण्यापूर्वी, हे मूळ कोणी म्हटले आणि त्याच्या मागचेपुढचे काय होते, एवढे विचारणे हे घरातलेच काम आहे. उत्तर मिळाले नाही तर तो उतारा तेथेच थांबवावा. त्याने गप्पांत खंड पडेल. तेवढा पडू द्यावा.